रतिलालशेठ धूसर आले

यावलची सविता तायडे अकरा वर्षं जळगावला रतिलालशेठच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसली. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी सातची एसटी. कॅमेरामन लग्नाचे फोटो काढून मेमरी कार्ड आणून द्यायचे. ते उतरवून घ्यायचं, फोटो निवडायचे, रंग सारखे करायचे, अल्बमची पानं लावायची. एका लग्नाचे तीन हजार फोटो, त्यातले सहाशे ठेवायचे. अकरा वर्षांत तिने कॅमेरा हातात धरला नाही. पण फोटो मोठा करून पापणीपाशी नेला की फोकस डोळ्यावर बसलाय की मागे कानावर गेलाय, हे तिला एका नजरेत कळायचं.

"ताई, तुझ्यापुढे कार्ड ठेवलं की बोर्डाचा पेपर दिल्यासारखं वाटतं," कॅमेरामन जीवराम म्हणायचा.

"वाटू दे. तू कान कमी काढ."

तिची एक रीत होती. उतरवून न झालेल्या कार्डाला लाल चिकटपट्टी लावायची. दोन ठिकाणी उतरवून झालं, उघडून तपासलं, की मगच पट्टी काढायची. पट्टीचं कार्ड पुसायचं नाही, हे दुकानात झाडू मारणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं.

२०१९च्या मे महिन्यात साक्षीचं लग्न झालं. साक्षी ही सविताच्या मावशीची नात. मावशी मंदाबाई सावद्याची. तिचे यजमान यादव आबा जन्मभर केळीच्या वखारीत राबले. फोटोचं काम सविताच्या शब्दावर रतिलालशेठच्या स्टुडिओला दिलं. लग्न थाटात झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. दुपारी आबा पांढरा सदरा घालून नातीशेजारी खुर्चीवर बसले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. फोटोत हसणं त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्या दिवशी पहिल्यांदाच हसले.

जीवरामने रात्री दोन कार्डं आणून दिली. सविताने एक उतरवलं. दुसऱ्याला लाल पट्टी लावून खणात ठेवलं आणि शेवटची एसटी पकडली. सकाळी ती पोचायच्या आत भडगावच्या लग्नाला गाडी निघत होती आणि एक कार्ड कमी पडत होतं. शेठने खण उघडला, पट्टी ओढून काढली आणि कार्ड जीवरामच्या हातात दिलं.

"पूस आणि भर."

"शेठ, याला पट्टी होती."

"होती ना? आता आहे का?"

हे सविताला जीवरामनेच नंतर सांगितलं, आणि सांगून पाया पडला, की माझं नाव घेऊ नको, घरात तीन खाणारी तोंडं आहेत.

लग्नानंतर बाराव्या दिवशी आबा गेले. जलदान विधीला त्यांचा फोटो हवा, म्हणून घरची माणसं जळगावला दुकानात आली. मंदाबाई रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी सगळ्यांच्या पुढे. अर्धं लग्न नव्हतंच, आणि आबांचा तो फोटोही त्यातच गेला होता. रतिलालशेठने जराही न अडखळता सविताकडे बोट केलं.

"तुमच्याच पोरीनं न उतरवता पुसलं. घरचं काम म्हणून केली असेल हयगय."

सविताने जीवरामकडे पाहिलं. जीवरामने फरशीकडे पाहिलं. ती बोलायला लागली, तर शेठ म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." मग मंदाबाईकडे वळून मायेने म्हणाले, "अक्का, मी ते कार्ड पुण्याला पाठवतो. तिथं यंत्र असतं. निघतील फोटो."

आबांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हाराखाली लावला. करडा, दाणेदार, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. त्या दिवशी पंगतीत मंदाबाई वाढत होती. सविताच्या पानापाशी आली, थांबली आणि पुढच्या पानाला गेली. सविता रिकाम्या पानापुढे पंगत उठेपर्यंत बसून राहिली. सूड घ्यायचा हे तिने तिथं ठरवलं. कसा, ते ठरायला पाच वर्षं लागली.

मंदाबाई नंतर सात वेळा जळगावला गेली. सावद्याहून एसटी, भुसावळला बदलायची, पुढे दुसरी. "पुण्याहून आलं का?" शेठ म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." कार्ड पुण्याला गेलंच नव्हतं. भडगावनंतर ते पाचोऱ्याचं लग्न भरून आलं, मग एरंडोलचं. सातव्या खेपेनंतर म्हातारीने जाणं सोडलं. या सगळ्याचा दोष तिने सविताच्या खात्यावर टाकला आणि भाचीशी पाच वर्षं बोलली नाही.

सविताने आधी शिलाई केली, मग झेरॉक्सच्या दुकानात बसली. पण डोळा बसू देईना. रतिलालचं दुकान ज्या कामावर उभं आहे ते काम त्याच्याहून चांगलं करायचं, एवढं तिला कळत होतं. धुळ्याचा वना नावाचा फोटोवाला धंदा बंद करून पोल्ट्री टाकत होता. त्याचा जुना मिररलेस कॅमेरा तिला परवडला. त्याच्यावर चालणाऱ्या चांगल्या लेन्सेस परवडण्यापलीकडे होत्या.

वनाने कपाटातून एक काळी, जड लेन्स काढून टेबलावर ठेवली. आवाज वजनाच्या मापासारखा झाला.

"ही घेऊन जा. पन्नासची आहे, एक पॉइंट दोन. अंधारात मांजरासारखं बघते. पण हिला मोटर नाही. फोकस हाताने फिरवायचा."

"मग तुम्ही का नाही फिरवला?"

"बाई, नवरी हलते, नवरा हलतो, मी हलतो. माझ्याच्यानं नाही झालं. कोंबड्या बऱ्या."

लेन्सचा गुण आणि अवगुण एकच होता. तिचं तोंड इतकं मोठं उघडायचं, की दिव्याच्या उजेडातही फोटो यायचा. पण उघडल्यावर स्पष्ट दिसायची फक्त एक पातळ चकती. सहा फुटांवर चार बोटं जाड. चार फुटांवर दोन बोटं. त्या बोटांच्या पुढचं-मागचं सगळं लोण्यासारखं वितळायचं. आपोआप फोकस करणारा कॅमेरा ती चकती स्वतः शोधतो. इथं ती सविताच्या बोटांनी शोधायची होती.

कॅमेऱ्यात एक सोय होती. जे स्पष्ट असेल त्याच्या कडांवर लाल रेघा थरथरायच्या. वना म्हणाला होता, लाल दिसलं की दाब. तिने महिनाभर तसं केलं आणि कॉम्प्युटरवर मोठं करून पाहिलं. लाल रेघा नाकापासून कानापर्यंत चमकत होत्या; खरी धार कुठं तरी मध्येच. अकरा वर्षं पापण्या तपासलेल्या बाईला ही फसवणूक चालण्यासारखी नव्हती. तिने ती सोय बंद केली. माणूस बसलेला असेल तर आतल्या पडद्यावर डोळा दसपट मोठा करून फोकस लावायचा. माणूस चालत असेल तर अंतर हाताला पाठ पाहिजे. दुसरा मार्ग नाही.

लेन्सच्या कड्यावर तिने प्लास्टिकची छोटी काडी चिकटवली. काडी बरोबर खाली असली की सहा फूट. डावीकडे झुकली की चार. उजवीकडे नऊ. न बघता बोटाला कळलं पाहिजे.

तिचा बाप समाधान केळी कापणीच्या टोळीत होता. रोज काम सुटल्यावर तो अंगणात बारा फुटांवर उभा राहायचा.

"चल," सविता म्हणायची.

"घड घेऊन का नुसता?"

"घड घेऊन. नुसता चाललास की डुलतोस."

"जन्मभर मुकादमानं पळवलं, आता पोरगी पळवते. तो निदान बिडी तरी द्यायचा."

"डोळे मिटू नको. पापणी दिसली पाहिजे."

"घाम जातो व माय डोळ्यात!"

"जाऊ दे."

बारा फुटांपासून चार फुटांपर्यंत बाप चालत यायचा आणि त्याच्या पावलाबरोबर काडी फिरायची. पहिल्या महिन्यात तीनशे फोटोंतले अकरा बरोबर आले. तिने आकडा कॅलेंडरच्या मागे लिहिला. तिसऱ्या महिन्यात साठ. मधेच ताप आला, आठ दिवस सुटले आणि आकडा चाळीसवर घसरला. तेव्हा तिला कळलं की ही विद्या डोक्यात राहत नाही, बोटात राहते, आणि बोट विसराळू असतं. त्यानंतर तिने एकही दिवस सोडला नाही. सव्वा वर्षाने तीनशेत दोनशे दहा आले. समाधानची मान घड वाहून कायमची डावीकडे कलली होती, हे तिला त्या फोटोंत पहिल्यांदा दिसलं. रोज बघत होती, पण दिसलं नव्हतं.

मग कामं येऊ लागली. यावल, फैजपूर, चोपडा. लोकांना फोटो आवडायचे. मागची गर्दी, पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळं वितळून जायचं आणि माणूस तेवढा उरायचा.

२०२४च्या उन्हाळ्यात शिरपूरच्या कुंदाबाईंचा फोन आला. मुलाचं लग्न होतं, धुळ्याला.

"आमच्या बाजूचे फोटो तुम्ही काढा. मुलगी जळगावची आहे. वडलांचाच मोठा स्टुडिओ आहे, रतिलालशेठ म्हणून. ते म्हणत होते, दोन्हीकडचं आम्हीच करतो. पण मला माझ्या बाजूचं माणूस पाहिजे बाई. नाही तर अल्बमभर त्यांचेच पाहुणे येतात."

आमच्याकडे लग्नाला दोन फोटोवाले असतात, एक मुलीकडचा, एक मुलाकडचा. दोघं एकमेकांना कोपरं मारत उभे राहतात आणि आपापल्या पक्षाची माणसं टिपतात. कुंदाबाई म्हणत होत्या ते खरंच होतं.

सविताने फोन ठेवला आणि बराच वेळ लेन्सचं कडं नुसतं फिरवत बसली. एक मार्ग ताबडतोब सुचला, चोराचा. काही तरी बिघडवायचं. तो तिने टाकून दिला. काम बिघडवणं तिला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. दुसरा मार्ग लेन्सनेच दाखवला. कुंदाबाईंच्या बाजूचं एकही माणूस सुटणार नाही, एकही फोटो वाया जाणार नाही. फक्त मुलीचा बाप त्या चार बोटांच्या आत एकदाही यायचा नाही. तो फोटोत असेल, पण डाग म्हणून. जगात कोणाला कळणार नाही. चाळीस वर्षं याच धंद्यात असलेल्या माणसाला मात्र कळेल.

लग्नाच्या दिवशी धुळ्याचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मांडवात शिरताच रतिलालशेठने तिला ओळखलं. फेटा, अंगठ्या, मागे तीन कॅमेरामन आणि ड्रोन.

"अरे, सविता! पट्ट्या चिकटवायचं सोडलं का?" तिच्या हातातली लेन्स पाहून त्यांना आणखी हसू आलं. "हाताची लेन्स? आमच्या वडलांच्या काळातली गं ही. तू फिरवत बस, आम्ही लग्न लावून घेतो."

त्यांची माणसं हसली. जीवराम हसला नाही. त्याचे केस पांढरे झाले होते.

"शेठ, तुम्ही लावा," सविता म्हणाली. "मी आहेच."

मंगलाष्टकं सुरू झाली. सविताने नवऱ्यापासून सहा फूट मोजून पाय रोवले, काडी खाली आणली आणि बोट तिथंच ठेवलं. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट खाली गेला आणि एकदम सगळं हवेत उडालं. अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, शेठच्या माणसांनी बंदुकीसारख्या नळ्यांतून उडवलेले चमकते कागद. शेठचे तिन्ही कॅमेरे हुशार होते. जे जवळ चमकेल त्यावर ते झडप घालत होते. आधी तांदळावर, मग कागदावर, मग पाकळीवर. सविताच्या लेन्सला अक्कल नव्हती. तिला ठेवलं तिथं ती राहिली, सहा फुटांवर, नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर.

कुंदाबाईंच्या आजोळचे एक म्हातारे बाबा तिच्याकडे बघत होते. "पोरी, बठ्ठा लोके तठे पळतस, तू आठेच काबर उभी शे?"

"माझं माप इथंच आहे, बाबा."

जीवरामने पडद्यावर आपले फोटो चाळले आणि कपाळाला हात लावला. "मेलो," तो पुटपुटला. "सगळे तांदूळ."

दिवसभर सविताने ठरवल्याप्रमाणे काम केलं. रतिलालशेठ जावयाला मिठी मारताना: जावई स्पष्ट. रतिलालशेठ व्याह्यांना नारळ देताना: व्याही स्पष्ट. त्यांचा फेटा फोटोत नारिंगी ढग होऊन तरंगत होता.

पण शेठची एक खोड तिला ठाऊक होती, आणि सविताने सूड घेण्याआधीच ती खोड सूड घेत होती. हा माणूस बाप म्हणून उभाच राहत नव्हता. कन्यादानाला बसल्या बसल्या हात वर करून जीवरामला सांगत होता, "खालून घे, खालून!" त्यांच्या स्वतःच्या माणसांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत शेठ कॅमेऱ्याकडे बघून हुकूम सोडत होते. तोंड उघडं, बोट पुढे.

पाठवणीच्या वेळीही तेच. गाडी सजून उभी. चाकाखाली नारळ ठेवला. शेठने तिन्ही कॅमेरामन पुढे पिटाळले. "नारळ फुटताना पाहिजे मला! एक खाली बसा, एक बॉनेटवर या!" ते पळाले आणि मुलगी शेठच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. तेव्हा हुकूम सोडायला समोर कोणी उरलं नव्हतं. माणूस गप्प झाला. त्याचा चेहरा एकदम ढासळला, पावसात भिंत बसावी तसा.

सविता चार फुटांवर होती. काडी डावीकडे. मुलीची पापणी दोन बोटांच्या चकतीत. तिने दाबलं. बापाचा चेहरा मुलीच्या मागे वीतभर अंतरावर, धूसर. ठरवल्याप्रमाणे.

मग तिने काडी केसभर सरकवली. मुलगी वितळली आणि रतिलालशेठ पुढे आले. डोळ्यातलं पाणी, खालच्या पापणीवर थांबलेला थेंब, सगळं. तिने दुसऱ्यांदा दाबलं.

दया आली म्हणून नाही. या माणसाकडे हा फोटो नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. ज्याच्याकडे नसतो तो किती खेपा मारतो, ते तिने पाहिलं होतं.

अल्बम महिन्याने शिरपूरला गेला. कुंदाबाईंनी सांगितल्याप्रमाणे सगळी माणसं होती, सगळी स्पष्ट होती, आणि दोन काकवांनी फोन करून कौतुक केलं. पाठवणीच्या जोडीतला पहिला फोटो तिने अल्बममध्ये लावला होता. दुसरा लावला नाही.

रतिलालशेठ जावयाकडे जेवायला गेले, तिथं अल्बम बघितला, आणि तिसऱ्या दिवशी मोटार घेऊन यावलला सविताच्या दारात आले. समाधान ओट्यावर कोयत्याला धार लावत होता. त्याने उठायची तसदी घेतली नाही.

"सविता, चौसष्ट फोटोंत मी आहे," शेठ म्हणाले. "एकातही धार नाही. तुझा फोकस चुकला."

"कुठं चुकला दाखवा. नवऱ्याची पापणी बघा, व्याह्यांची बघा."

"तेच म्हणतो ना मी! सगळ्यांची आहे, माझीच नाही."

"तुम्ही माझ्या पक्षाचे नव्हता."

शेठ खुर्चीवर बसले. कोणी बसा म्हटलं नव्हतं. आवाज खाली आणून म्हणाले, "पाठवणीचा एक फोटो आहे. माझी पोरगी पुढे, मी मागे. मी या धंद्यात म्हातारा झालो. असा फोटो घेणारा माणूस एक घेऊन थांबत नाही. दुसरा आहे ना तुझ्याकडे?"

सविताने लॅपटॉप उघडला आणि फोटो दाखवला. पूर्ण नाही, मोठा करून फक्त डोळा. थेंब दिसला. शेठचा हात आपोआप पुढे आला. तिने लॅपटॉप मिटला.

"काय घेशील?"

"सावद्याला चला. मंदामावशीच्या घरी. कार्ड कोणी पुसलं ते तिच्या तोंडावर सांगा. फोटो तिथं देते."

"इतकी वर्षं झाली त्याला!"

"पाच."

"माणसाची इज्जत असते, सविता."

ओट्यावरून समाधान म्हणाला, "असते का? कापून बघू का?" आणि कोयता पुन्हा दगडावर घासला.

शेठ निघून गेले. अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी फोन आला, "उद्या येतो."

सावद्याला मंदाबाई दारातच सुपात तांदूळ निवडत बसली होती. सविताला बघून मान खाली घातली, मागे शेठ दिसले तेव्हा वर केली. शेठ उभ्या उभ्याच बोलू लागले. लग्नतिथी दाट होती, धावपळ होती, मुलांच्या हातून कधी कधी होतं.

"शेठ," सविता म्हणाली, "हा कान आला. पापणी आणा."

"जीवरामनं पुसलं," शेठ म्हणाले.

"अजून कानच."

शेठने रुमालाने मान पुसली. शेजारच्या दोन बाया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पट्टी होती कार्डाला," ते म्हणाले. "मी काढली. मी सांगितलं पूस म्हणून. हिचा काही दोष नव्हता."

मंदाबाईने सूप खाली ठेवलं. "मग पुण्याला काय पाठवलं होतं?"

"नव्हतं पाठवलं, अक्का."

"कधीच?"

"नाही."

"मग मी सात वेळा काबरं आली तठी?"

म्हातारी सविताकडे वळली. "आणि तू काबरं बोलली नाहीस तेव्हा?"

"मी त्या दिवशी पानावर बसले होते मावशी. तू वाढलं नाहीस. बोलायचं कोणाशी?"

मंदाबाईचं तोंड वाकडं झालं, पण ती रडली नाही. सविताने पिशवीतून पाकीट काढलं. शेठ पुढे आले. तिने पाकीट मावशीच्या हातात दिलं. "तिथं देते म्हटलं होतं. दिलं. पुढचं तू बघ."

मंदाबाईने फोटो बाहेर काढला आणि हातभर लांब धरून नीट पाहिला. फोटो तिला आवडला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि म्हणूनच ती आणखी कडक झाली.

"तू मोटारीत आला," ती शेठना म्हणाली. "मी येष्टीनं यायची. भुसावळला उतरून दुसरी धरायची. सात खेपा मारल्या मी. तू पण मार."

"अक्का, माझं वय..."

"माझं किती होतं? एकोणसत्तर. तुझं किती हाये?"

"अठ्ठावन्न."

"मग जमंल तुला. आजची धरत नाही, मोटारीची हाये. सात खेपा. तिकिटं दाखवायची." तिने फोटो पाकिटात घातला आणि पाकीट पदरात खोचलं.

शेठने सविताकडे पाहिलं. "फाइल तरी दे. फाइल आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. दोन ठिकाणी उतरवून ठेवली आहे. पण देणार नाही."

"जेवून जा," मंदाबाई भाचीला म्हणाली.

"आज नको," सविता म्हणाली आणि निघाली. पाच वर्षांचं रिकामं पान एका शब्दाने भरायची तिची तयारी नव्हती.

शेठ येणार नाहीत, असं समाधानने पैजेवर सांगितलं. पैज तो हरला. मुलीने माहेरी येऊन विचारलं असणार, पप्पा, तुमचा फोटो कुठाय. पहिली खेप श्रावणात झाली. सावद्याच्या स्टँडवर शेठ छत्री घेऊन उतरताना टोळीतल्या माणसांनी पाहिले आणि संध्याकाळपर्यंत यावलला बातमी आली. दुसऱ्या खेपेला मंदाबाई घरी नव्हती. कुलूप बघून परत गेले. ती खेप धरायची की नाही, यावर गल्लीत वाद झाला. म्हातारी म्हणाली, धरायची. मलापण पाचव्या वेळी दुकान बंदच मिळालं होतं. चौथ्या खेपेला एसटी बंद पडली आणि शेठ पिंपरूडपासून चालत आले. त्यांनी दमून पाणी मागितलं. तिने दिलं. फोटो दिला नाही.

सातव्या खेपेच्या दिवशी सविता सावद्यात होती, दुसऱ्या एका कामासाठी. दुपारी ती मावशीकडे गेली. मंदाबाईने ताट मांडलं, वांग्याचं भरीत वाढलं, कळण्याची भाकरी ठेवली. सविता जेवायला बसली. अर्ध्या जेवणात शेठ दारात आले आणि सात खेपांची तिकिटं पुढे केली. मंदाबाईने ती एक एक करून मोजली, तारखा वाचायला सविताकडे दिल्या. सविताने डाव्या हाताने धरून वाचल्या. बरोबर होत्या.

म्हातारीने पाकीट दिलं. शेठने तिथंच दारात उघडलं. बराच वेळ बघत राहिले. सवयीने अंगठ्याच्या नखाने पापणीपाशी टोकरून धार तपासली आणि हात थांबला.

"आला का चांगला?" मंदाबाईने विचारलं.

शेठने मान डोलावली.

"आमचापण आला असता," ती म्हणाली, आणि सविताच्या पानावर आणखी भरीत वाढायला वळली.